रुसलेली फियाट

प्रीमियर पद्मिनी म्हणजे आजोबांच्या भाषेत 'फियाट'. कुर्ल्याला बनलेली ही गाडी २०२३ सालापर्यंत मुंबईत टॅक्सी म्हणून धावली. अशी एखादी फियाट दहा वर्षं शेडमध्ये पडून असली, की स्टार्टर मारल्यावर ढिम्म हलत नाही. मग सगळे ओरडतात, "ढकला रे!"

थांबा! पडून राहिल्यानं सिलिंडर गंजतात, पिस्टनच्या रिंगा चिकटतात. जबरदस्ती केली, तर रिंग तुटते आणि दुरुस्त होणारी गाडी थेट भंगारात जाते.

म्हणून शहाणा मिस्त्री आधी स्पार्क प्लग काढतो, प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोडतो आणि ते मुरू देतो. मग इंजिन हातानं हळूच फिरवून बघतो. फिरलं, की निम्मी काळजी मिटली!

मग चार्ज केलेली बॅटरी लावायची, कारण जुनी केव्हाच उतरलेली असते. इंजिन फिरतंय, पण सुरू होत नाही? आता प्रश्न दोनच. ठिणगी पडते का? नसेल, तर डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट साफ करायचे. ठिणगी आहे, मग पेट्रोल पोचतं का? जुन्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, मागे चिकट गाळ उरतो. तो कार्बोरेटरच्या जेटचं बारीक भोक बुजवतो. जेट साफ करून ताजं पेट्रोल भरायचं.

एका वेळी एकच गोष्ट तपासली, की दोष नेमका सापडतो. मात्र ठिणगी आणि पेट्रोल जवळ आले की भडका! म्हणून हात मिस्त्रीकाकांनीच घालायचा. तुम्ही लांबून विचारा, "काका, आधी काय बघणार?"