आधी मास्क, मग यंत्र

बाळ जन्मताच रडलं नाही, पुढे झटके आले, डॉक्टरांनी मेंदूला इजा झाल्याचं सांगितलं, की बुलढाण्यात एकच वाद रंगतो: बाळाला गार ठेवणारं यंत्र मुंबईत आहे, आपल्याकडे का नाही? विकासाच्या अनुशेषाच्या रागातून आलेली ही मागणी समजते. पटत नाही.

उपचार खोटा नाही. सहा तासांच्या आत बाळाचं तापमान 33-34 अंशांवर आणून 72 तास तिथेच राखलं, तर मेंदूतल्या पेशी मरण्याची दुसरी लाट मंदावते. युरोप-अमेरिकेत त्याने मृत्यू आणि अपंगत्व घटलं. पण भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या 408 बाळांवर हेलिक्स चाचणी झाली, मुंबईचं सायन रुग्णालयही तिच्यात होतं. 2021 साली निष्कर्ष आले: गार ठेवलेल्यांपैकी 42 टक्के बाळं दगावली, न ठेवलेल्यांपैकी 31 टक्के. आणि ही काही आडगावची केंद्रं नव्हती. काही लहान भारतीय चाचण्यांत एमआरआयवर इजा कमी दिसली, हे मान्य. तेवढ्यावर जिल्ह्याचं धोरण ठरत नाही.

स्टेम सेल उपचाराच्या जाहिराती तर वावर विकायला लावणाऱ्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या नियमांनुसार मेंदूच्या अशा इजेवर तो केवळ प्रयोग आहे, आणि प्रयोगाचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत.

मग करायचं काय? जळगाव जामोद, संग्रामपूरच्या सातपुड्यातल्या पाड्यांवरून बाळ बुलढाण्याला पोचेपर्यंत सहा तासांतले किती उरतात? त्या बाळांसाठी खरा उपचार पहिल्या मिनिटातला. बाळ कोरडं करायचं, पाठ चोळायची, मान सरळ ठेवायची. तरी श्वास नसेल तर नाक-तोंडावर मास्क घट्ट बसवून मिनिटाला 40 ते 60 वेळा अ‍ॅम्बू बॅग दाबायची, छाती उचलते का बघत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातल्या बायांना हे शिकवलं, गुदमरून होणारे नवजात मृत्यू सुमारे 65 टक्क्यांनी घटले. त्याही आधीची गोष्ट कळांची. कळा वाढवायचं इंजेक्शन द्यायचं आणि बाळाचे ठोके ऐकायचे नाहीत, याला निष्काळजीपणा म्हणणंसुद्धा सौम्य वाटतं.

इजा झालीच, तर ताप चढू न देणं, साखर तपासणं, झटके फिनोबार्बिटोनने आवरणं, हे नवजात बाळांच्या विशेष काळजी कक्षात (एसएनसीयू) जमण्याजोगं आहे. पुढे महिनोन्‌महिने फिजिओथेरपी लागते, आणि खेपांच्या एसटीभाड्यापायी ती सुटते. त्या भाड्याची मागणी मात्र कुणाच्या निवेदनात नसते.

जिल्हा नियोजन समितीत यंत्रासाठी हात वर करणाऱ्यांनी आधी एवढं विचारावं: रात्री दोनला प्रसूतिगृहात एकट्या असलेल्या सिस्टरच्या हाताशी नवजाताच्या मापाचा मास्क आहे का, आणि बाहुलीवर तिचा शेवटचा सराव कधी झाला?