फॉरवर्ड करण्याआधी एक फोन

गेल्या महिन्यातल्या अभ्यासवर्गात पाहुणे म्हणून आलेल्या संगणक अभियंत्यांनी भाषणाची सुरुवात एका प्रश्नाने केली. "२०२१च्या पुरात मदतीचा मेसेज ज्यांनी पुढे पाठवला, त्यांनी हात वर करा." जवळजवळ सगळे हात वर गेले. "आता पाठवण्याआधी त्यातल्या नंबरवर फोन करून खात्री केली, त्यांनीच हात वर ठेवा." दोन हात उरले. पाहुणे रागावले नाहीत. "विषय तंत्रज्ञानाचा आहे, पण मी बोलायला आलोय ते या खाली गेलेल्या हातांबद्दल," एवढंच म्हणाले.

त्यांनी पहिलं उदाहरण दिलं केनियाचं. डिसेंबर २००७च्या निवडणुकीनंतर तिथे हिंसाचार उसळला आणि सरकारने थेट प्रक्षेपणावर बंदी घातली. कुठे काय घडतंय हे लोकांनीच कळवावं आणि ते नकाशावर दिसावं, अशी कल्पना ओरी ओकोलो या वकील तरुणीने आपल्या ब्लॉगवर मांडली. काही प्रोग्रामर पुढे आले आणि थोड्याच दिवसांत संकेतस्थळ उभं राहिलं. त्याचं नाव 'उशाहिदी'. स्वाहिली भाषेत याचा अर्थ साक्ष. आपल्या कानाला हा शब्द परका वाटत नाही, कारण तो मूळ अरबीतून आलेला, 'शाहिद' आणि 'शहादत' यांच्याच कुळातला. साक्ष द्यायची तर आधी पाहिलेलं असावं लागतं. ऐकीव गोष्ट पुढे ढकलणं म्हणजे साक्ष नव्हे.

१२ जानेवारी २०१०ला हैतीत भूकंप झाला, तेव्हा हेच साधन कामी आलं. ४६३६ या क्रमांकावर लोक मोफत मेसेज पाठवू लागले. पण ते क्रेओल भाषेत, आणि मदतीला आलेल्या परदेशी पथकांना ती भाषा येईना. मग अमेरिकेत व इतरत्र राहणाऱ्या हैतीच्या लोकांनी घरबसल्या भाषांतर केलं. एखाद्या गल्लीचं लोकांच्या तोंडी असलेलं नाव ऐकून ती नेमकी कुठे, हेही तेच सांगू शकले. दुसरीकडे जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहाची छायाचित्रं पाहून 'ओपनस्ट्रीटमॅप'वर राजधानीचे रस्ते काढले.

हे ऐकताना आम्हाला आपलं कोकण आठवलं. २२ जुलै २०२१ला चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं. वीज गेली, मोबाईलचं नेटवर्क गेलं. आखातात नोकरी करणारी आपली माणसं घरी फोन लावून थकली. त्यांच्याकडे चालू इंटरनेट होतं, गावाची खडान्‌खडा माहिती होती, आणि जिवाची घालमेल होती. हैतीच्या परदेशस्थांनी जे केलं ते आपलेही लोक करू शकले असते: आलेला प्रत्येक निरोप तपासायचा, ठिकाण पक्कं करायचं, एकच यादी प्रशासनाकडे द्यायची. त्याऐवजी एकच मेसेज शंभर गटांत फिरत राहिला.

पाहुण्यांनी दुसरी बाजूही लपवली नाही. केरळमध्ये २०१८च्या महापुरात मदतीच्या मागण्या नोंदवणारं संकेतस्थळ स्वयंसेवकांच्या हातभाराने उभं राहिलं. पण छातीभर पाण्यातून माणसं बाहेर काढली ती आपल्या होड्या घेऊन धावलेल्या कोळी बांधवांनी. ज्यांची सुटका झाली होती त्यांचेही मेसेज फिरतच राहिले. अशा जुन्या मेसेजवर विसंबून होडी रिकाम्या घरी गेली, तर तेवढा वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातला जातो.

आणि ज्याच्याकडे फोनच नाही तो नकाशावर येतच नाही. त्याच २२ जुलैला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली, ८०हून अधिक जीव गेले. रस्ते पाण्याखाली आणि नेटवर्क बंद, त्यामुळे मदत पोचायला उशीर झाला. २०१४मध्ये माळीण गाव गाडलं गेलं, हे तर तिथून जाणाऱ्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही म्हणून बाहेर कळलं. आपल्या मोहल्ल्यांतही किती बायकांकडे स्वतःचा फोन आहे? अंथरुणाला खिळलेली दादी मेसेज कसा पाठवणार?

पुरानंतर चिखल उपसायला, डेगी चढवायला, डबे पोचवायला आपली मुलं कधीच मागे नसतात. त्याचा अभिमान आहेच. पण ही सारी धावपळ पाणी ओसरल्यावरची. आता पावसाळ्याआधीची कामं हाती घ्यावीत.

प्रत्येक मोहल्ल्याची एक यादी करा: कोण एकटं राहतं, कोण डायलिसिसवर आहे, कुणाचे दिवस भरत आलेत, होडी, ट्रॅक्टर, जनरेटर कुणाकडे आहे. ही माहिती गोळा करायला मुलींना पुढे करा, कारण घराच्या आतलं त्यांनाच कळतं. यादी कागदावरही ठेवा. बॅटरी संपली तरी कागद वाचता येतो. तिच्यात धर्म-जातीचा रकाना नको, आणि शेजारच्या वाडीतली घरंही त्याच यादीत हवीत. ती गटांवर टाकू नका. एकट्या म्हाताऱ्या बाईचा पत्ता चुकीच्या हाती पडणं हीसुद्धा आपत्तीच. गरज संपली की फोनमधून पुसून टाका.

मेसेज पाठवायचाच झाला, तर तारीख, वेळ, नेमकं ठिकाण आणि खात्री कुणी केली ते लिहा. मदत पोचली की तेही कळवा. 'धरण फुटलं' असं कुणी पाठवलं, तर प्रशासनाकडून खातरजमा होईपर्यंत बोट आवरा. शंका घेतली की आपल्याला लोक काळजीशून्य म्हणतील, ही भीती सोडा. तपासणं हाही काळजीचाच भाग आहे.

निघताना पाहुण्यांना कुणीतरी विचारलं, "सर, आम्ही कोणतं ॲप डाउनलोड करू?" ते हसले आणि म्हणाले, "आधी शेजारच्या दहा घरांतल्या माणसांची नावं पाठ करा. ॲप मग सांगतो."

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने ही दहा घरांची यादी आणावी. आम्ही आमची करायला घेतली, तेव्हा सहाव्या घरापाशीच अडलो.