फुकटची काजीगिरी

काजी होण्यासाठी पूर्वी पुष्कळ शिकावे लागे. आमच्या मोहल्ल्यात मात्र ओट्यावर बसता आले की पुरे! कोण नमाजाला आला नाही, कोणाची दाढी आखूड झाली, कोणाच्या सुनेचा पदर ढळला, साऱ्या खटल्यांचे निकाल चहा निवायच्या आत लागतात. आरोपीला बोलावण्याचीदेखील गरज पडत नाही. वाचकहो, असे ओटे तुमच्या आळीतही आहेत, हे मी जाणतो. पण आज मला माझ्याच घरची धुणी धुवायची आहेत. कारण आमच्याकडे या काजीगिरीला धर्मनिष्ठेचा रंग दिला जातो, आणि तो रंग खोटा आहे.

मीही असाच एक काजी होतो. कॉलेजात असताना एका रमजानमध्ये भर दुपारी शेजारचे सुतारचाचा वखारीमागे पाणी पिताना मला दिसले. इफ्तारीच्या आत ती बातमी मी चार घरी पोहोचवली. त्या ईदला त्यांच्याकडे शिरखुर्मा प्यायला कोणी गेले नाही. चाचांनी खुलासा केला नाही. कोणी विचारलाही नाही. त्यांच्या जनाज्याच्या दिवशी कळले, की त्यांना मूत्रपिंडाचा जुना विकार होता. प्रत्येक चुकलेल्या रोज्याबद्दल ते एका गरिबाला जेवू घालीत. आजाऱ्याला रोज्याची सवलत खुद्द कुराणाने दिली आहे. ती मला ठाऊक नव्हती असे नाही, आठवायची नव्हती!

दुसऱ्याविषयी चांगलेच धरून चालावे, याला आमच्याकडे ‘हुस्ने-जन’ म्हणतात. इथला ‘जन’ म्हणजे लोक नव्हेत, तर मनातला ग्रह. कुराणाच्या ४९ व्या सूरेत संशय, पाळत आणि पाठीमागची निंदा या तिन्हींना एकाच दमात मनाई आहे, आणि निंदेला मेलेल्या भावाचे मांस खाण्याची उपमा दिली आहे. स्त्रीच्या चारित्र्यावर आळ घेणाऱ्याने चार साक्षीदार आणले नाहीत, तर ८० फटके त्यालाच! लढाईत कलमा उच्चारणाऱ्या माणसाला उसामाने ठार केले. तो जिवाच्या भीतीने बोलला, अशी सबब सांगितली. तेव्हा, त्याचे काळीज चिरून पाहिलेस काय, असा पैगंबरांनी त्याला जाब विचारला. इमाम गझाली (मृत्यू ११११) तर मनातल्या मनात एखाद्याला वाईट ठरवणे, हीसुद्धा निंदाच मानतात.

यावर ओट्यावरचे विद्वान म्हणतील, “मग वाइटाला वाईट म्हणायचेच नाही? भोळसटासारखे फसत राहायचे?” मुळीच नाही. त्याच कुराणात, उसने दिले-घेतले तर लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, असेही बजावले आहे. व्यवहारात कागद हवाच. कोणी कोणाला मारीत असेल, लुबाडीत असेल, तर तिथे ‘त्याचा हेतू चांगला असेल’ म्हणून गप्प बसणे हा भ्याडपणा होय. उघड अन्यायाला अडवणे निराळे, आणि वखारीमागे डोकावून कोणाचा घोट मोजणे निराळे. पहिल्याला धैर्य लागते; म्हणूनच आम्ही दुसरे पत्करतो.

बुखारींच्या हदीससंग्रहात पहिलीच हदीस नियतीची आहे: कर्माचे मोल हेतूवर ठरते. आणि हेतू तर अल्लाखेरीज कोणाला दिसत नाही. म्हणजे इतरांचे निकाल देणारा माणूस नेमकी कोणाची खुर्ची बळकावतो, हे त्याने स्वतःशीच विचारावे.

माणसाचा अपराध केला तर आधी त्या माणसाने माफ करावे लागते, असे आमचा धर्म सांगतो. माझा माणूस आता राहिला नाही. तुमचा अजून असेल. तुमच्या ओट्यावर ज्याला परस्पर शिक्षा झाली असेल, त्याच्या घरी या दिवाळीत फराळाचे ताट घेऊन जा. खुलासा मात्र मागू नका.