स्कूबाला जाताय? विहिरीतली सवय समुद्रात नको

सुट्ट्या लागल्या की परभणी, जिंतूर, गंगाखेडकडून मालवण-तारकर्लीला सहली निघतात आणि त्यात स्कूबा डायव्हिंग आता ठरलेलंच असतं. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. बोटीची सुरक्षितता महत्त्वाची आहेच. पण पाण्याखाली शरीराचं काय होतं आणि त्याची जबाबदारी कोणाची, हेही जाण्यापूर्वी समजून घ्या.

विहीर आणि स्कूबा यांत फरक काय?

विहिरीत सूर मारताना आपण काठावरची हवा छातीत घेतो आणि वर येईपर्यंत श्वास कोंडून धरतो. स्कूबात पाण्याखालीच सिलिंडरमधली हवा घेतली जाते. १० मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरलेली हवा वर येताना दुप्पट फुगते. अशा वेळी श्वास रोखला तर फुफ्फुसाला इजा होते आणि हवेचे बुडबुडे मेंदूपर्यंत जाऊ शकतात. हे दीड-दोन मीटर पाण्यातही घडू शकतं. म्हणून पट्टीच्या पोहणाऱ्यानेही लक्षात ठेवावं: श्वास कधीही रोखायचा नाही.

खोल गेल्यावर काय होतं?

दाबामुळे हवेतला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळतो. माणूस झटकन वर आला, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. यालाच डीकॉम्प्रेशन सिकनेस म्हणतात. जास्त खोल किंवा जास्त वेळ राहिल्यास वर येताना ठरावीक खोलीवर थांबे घ्यावेच लागतात. अशा डायव्हिंगला वेगळं प्रशिक्षण, जादा हवा आणि अनुभवी जोडीदार लागतो. हौशी डायव्हिंगची कमाल मर्यादा ४० मीटर आहे, तीही प्रशिक्षितांसाठी. पर्यटकांची डाइव्ह उथळ असते, त्यामुळे हा धोका कमी असतो. "थोडे पैसे द्या, आणखी खाली नेतो" असं कोणी म्हटलं, तर स्पष्ट नकार द्या.

जबाबदारी कोणाची?

नोंदणी, प्रशिक्षित मार्गदर्शक, चांगली उपकरणं आणि बोटीवर ऑक्सिजन ही व्यावसायिकाची जबाबदारी. संमतीपत्रावर तुमची सही घेतली म्हणून ती संपत नाही. आजार न लपवणं ही तुमची. दमा, हृदयविकार, फिट येणं, पूर्वी छातीत हवा भरणं, कानाचं ऑपरेशन यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात स्कूबा करू नका. सर्दीने कान बंद असतील तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका.

परतीचा प्रवास

एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास विमानप्रवास टाळा. थांबे घ्यावे लागले असतील तर त्याहूनही जास्त वेळ थांबा. उंचावर हवेचा दाब कमी असल्याने बुडबुडे वाढतात. आंबोलीसारखा उंच घाट चढण्याआधीही विश्रांती घ्या. शक्यतो स्कूबा सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका.

ही लक्षणं दिसली तर

सांधेदुखी, मुंग्या, हातापायांत अशक्तपणा, चक्कर, अंगावर चट्टे, धाप, लघवी अडकणं ही लक्षणं बहुधा काही तासांत, जवळपास नेहमी २४ तासांच्या आत दिसतात. तोवर तुम्ही गावी पोहोचलेले असाल आणि प्रवासाचा शीण समजून मालिश कराल. तसं करू नका. रुग्णाला आडवं झोपवा, १०८ ला फोन करा, ऑक्सिजन सुरू करायला सांगा. "बरं वाटेल" म्हणून पुन्हा पाण्यात उतरवू नका. दाबाखाली ऑक्सिजन देणाऱ्या कक्षातील उपचार जितके लवकर, तितका फायदा जास्त.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांना समुद्राची शंका येणार नाही. ती तुम्हीच द्यायची आहे. "काल स्कूबा केलं होतं", हे पहिलंच वाक्य असू द्या.