आधी खेळ, मग ऑपरेटिंग सिस्टिम

कापड, लाकूड, चामडे आणि लोखंड यांच्यावर पोट भरणाऱ्या आपल्या घरांतून आता एक नवाच प्रश्न कानी येतो. दुकानात हाताशी असणारा मुलगा एके दिवशी म्हणतो, “अब्बा, एक सर्व्हर भाड्याने घेऊ या. त्यावर पोरे एकत्र खेळतील आणि महिन्याला पैसे देतील.” वडील आधी हसतात. खेळावर कसला धंदा? पण दहा मित्रांना एकत्र खेळण्यासाठी खात्रीची जागा हवी असते आणि त्या जागेचे भाडे देणारे गिऱ्हाईक असते, हे एकदा कळले की वडील हिशेब विचारू लागतात. आणि हिशेबाच्या पहिल्याच ओळीला घरातील दोन तरुणांचे भांडण जुंपते. एक म्हणतो विंडोज घ्या, दुसरा म्हणतो लिनक्स.

आमच्या मते हे भांडण चुकीच्या टोकाकडून सुरू होते. कोणते कापड विणायचे हे ठरल्याशिवाय कोणी माग विकत घेत नाही. तसेच कोणता खेळ चालवायचा हे ठरल्याशिवाय ऑपरेटिंग सिस्टिम निवडू नये. आणि खेळाने अडवले नाही तर लिनक्सच घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे व्यापाऱ्याच्या भाषेत मांडतो.

प्रथम सर्व्हर काय करतो ते पाहू. प्रत्येक खेळाडूचे यंत्र आपली हालचाल सर्व्हरला कळवते. सर्व्हर सर्वांच्या हालचालींचा एकच हिशेब करतो आणि निकाल सर्वांना परत पाठवतो. माइनक्राफ्टमध्ये हा हिशेब सेकंदाला २० वेळा होतो, काउंटर-स्ट्राइक २ मध्ये ६४ वेळा. हिशेब वेळेत झाला नाही तर खेळ अडखळतो आणि गिऱ्हाईक निघून जाते. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे या यंत्राचा मुनीम होय. मेमरी कोणाला किती, प्रोसेसर कोणाला केव्हा, दारातून कोणाला आत घ्यायचे, हे तोच ठरवतो. मुनीम जितका कमी खाईल आणि जितका कमी खोळंबा करील तितका मालकाचा फायदा.

आता खेळांकडे वळू. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर जावावर चालतो, म्हणून तो विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर सारखाच चालतो. त्याच खेळाच्या बेडरॉक आवृत्तीचा सर्व्हर कंपनी विंडोज आणि उबंटू लिनक्स या दोहोंसाठी देते. काउंटर-स्ट्राइक १९९९ साली हाफ-लाइफ या खेळाची जोड म्हणून जन्माला आला. त्याचे सर्व्हर जुन्या काळापासून लिनक्सवर चालत आले आणि २०२३ मध्ये आलेल्या काउंटर-स्ट्राइक २ चा सर्व्हरही दोन्हींवर चालतो. रस्ट आणि व्हालहाइम यांचेही तसेच. उलट व्ही रायझिंग आणि स्पेस इंजिनीअर्स या खेळांचे सर्व्हर त्यांच्या निर्मात्यांनी विंडोजसाठीच बनवले. काही हुशार मुले वाइन नावाच्या प्रोग्रॅमच्या आधाराने असे सर्व्हर लिनक्सवर चालवतात. घरच्या खेळापुरते ते ठीक आहे. पण खेळाची नवी आवृत्ती आली आणि सर्व्हर बंद पडला तर निर्माता जबाबदारी घेत नाही आणि गिऱ्हाईक मात्र तुम्हाला जाब विचारते. असा खेळ विकायचा असेल तर विंडोजच घ्यावी आणि तिची पूर्ण किंमत भाड्यात धरावी.

ही किंमत किती, हे पुष्कळांना माहीत नसते. विंडोज सर्व्हरचा परवाना प्रोसेसरच्या कोअरच्या संख्येवर मिळतो आणि एका यंत्रामागे कमीत कमी १६ कोअरचा घ्यावा लागतो. यंत्रात आठच कोअर असले तरी पैसे सोळांचे. २०२५ च्या स्टँडर्ड आवृत्तीचा कंपनीने जाहीर केलेला भाव १,१७६ डॉलर होता. डॉलर केवळ ८५ रुपये धरला तरी आकडा एक लाखाच्या घरात जातो. शिवाय दुसऱ्यांना सेवा विकणाऱ्यांसाठी महिन्याच्या हिशेबाची वेगळी परवाना योजना आहे. भाड्याच्या यंत्रावर विंडोज घेतली तर हा खर्च भाड्यात मिसळलेला असतो, इतकाच फरक. लिनक्सला असे शुल्क नाही. नव्या धंद्यात पहिल्या वर्षी वीस-पंचवीस गिऱ्हाइके मिळणार असतील, तर एवढी रक्कम परवान्यात घालायची की चांगल्या प्रोसेसरात, हे कोणत्याही दुकानदाराला सांगावे लागणार नाही.

येथे एक पळवाट सुचवली जाते. ‘कोणाला कळते? चोरीची प्रत टाका.’ किंवा ‘घरच्या संगणकावरची विंडोज ११ चालवा.’ किंवा ‘१८० दिवसांची चाचणी प्रत घ्या आणि संपली की पुन्हा टाका.’ या तिन्ही गोष्टी आम्हाला मान्य नाहीत. घरगुती विंडोजच्या करारात व्यावसायिक होस्टिंगला मनाई आहे आणि चाचणी प्रत चाचणीपुरतीच असते. चोरलेल्या प्रतीत आणखी कोणी काय घालून ठेवले आहे याची खात्री देणारा कोणी नाही आणि त्याच यंत्रावर तुमच्या गिऱ्हाइकांची खाती असतात. मापात खोट असलेल्या दुकानाचे नाव एकदा गेले की परत येत नाही. इंटरनेटवरच्या दुकानाला दुसरा नियम नाही.

लिनक्सची सुरुवात १९९१ साली फिनलंडमधील लायनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केली. आज तिच्या अनेक शाखा आहेत. नवख्या माणसाने डेबियन किंवा उबंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्यावी. उबंटूची अशी आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आली. मुदत आधी पाहावी, असा आमचा आग्रह आहे. सेंटओएस ८ या लोकप्रिय लिनक्सला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील असे सांगितले गेले होते. डिसेंबर २०२० मध्ये निर्णय फिरला आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजी ती बंद झाली. ज्यांनी तिच्यावर धंदा उभा केला होता त्यांना वर्षभरात बिऱ्हाड हलवावे लागले. फुकट मिळते म्हणून डोळे मिटून घेऊ नये, हाच याचा धडा. अर्थात विकतच्या मालालाही मुदत असते. विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या.

विंडोजच्या बाजूने खरा मुद्दा एकच आहे, तो म्हणजे सवय. खिडक्या, बटणे आणि माउस सर्वांना ठाऊक असतात. लिनक्सच्या सर्व्हरवर मात्र काळ्या पडद्यावर आज्ञा लिहाव्या लागतात आणि मुलगा गांगरतो. हा मुद्दा आम्ही हलका मानत नाही, कारण चालवणाऱ्याच्या हाताला न जमणारे हत्यार कितीही स्वस्त असले तरी महागच पडते. परंतु हे शिकणे म्हणजे हुन्नर शिकणे होय. शिवणयंत्रावर बसणारा मुलगा पहिल्या आठवड्यात सुई मोडतोच. आज्ञा लिहून ठेवली की तेच काम दहा यंत्रांवर तसेच करता येते आणि रोज रात्री आपोआप करून घेता येते. हे कसब खेळाचा धंदा बुडाला तरी बुडत नाही. त्याच ज्ञानावर दुसऱ्याच्या कचेरीत नोकरी मिळते.

सुरुवातीला मुले कुठे अडखळतात तेही सांगून ठेवतो. स्टीमवरील खेळांचे सर्व्हर उतरवून घेण्याचे स्टीमसीएमडी हे साधन ३२ बिटांचे आहे. त्यामुळे ६४ बिटांच्या लिनक्सवर आधी ३२ बिटांच्या लायब्ररी टाकाव्या लागतात. लिनक्स फाइलच्या नावातील मोठे आणि लहान इंग्रजी अक्षर वेगळे मानते, म्हणून विंडोजवरून आणलेली जोडणी कधी कधी सापडत नाही. आणि खेळाचा सर्व्हर रूट या मालकी खात्यातून कधीही चालवू नये. त्याला वेगळे खाते द्यावे. गोदामाची किल्ली नव्या नोकराच्या हाती कोणी देत नाही.

मात्र लिनक्स घेतली म्हणजे सर्व साधले असे नव्हे. माइनक्राफ्टचा मुख्य हिशेब बहुतांशी एकाच कोअरवर होतो. म्हणून कोअर किती यापेक्षा एक कोअर किती वेगवान, हे आधी विचारावे. दुसरी गोष्ट अंतराची. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ अंतर साडेसहा हजार किलोमीटर धरले तरी जाण्या-येण्यातच सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग जातो आणि प्रत्यक्षात त्याहून अधिक लागतो. हा उशीर कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम भरून काढणार नाही. गिऱ्हाईक महाराष्ट्रातील असेल तर यंत्र मुंबई-पुण्याकडचेच घ्यावे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणि अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये आपली केंद्रे इकडे उघडली, तेव्हापासून ही सोय आहे. तिसरी गोष्ट दुरुस्त्यांची. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावाच्या लायब्ररीत भोक सापडले. माइनक्राफ्टच्या गप्पांच्या खिडकीत एक ओळ लिहून परक्याला सर्व्हर ताब्यात घेता येत असे, मग तो विंडोजवर असो वा लिनक्सवर. ज्यांनी त्याच दिवशी दुरुस्ती टाकली ते वाचले.

कायद्याचेही भान असावे. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायच्या खेळांना बंदी आहे, तर ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीच्या खेळांना वेगळे स्थान आहे. जागेचे भाडे घ्यावे, डावावर पैसे लावू देऊ नयेत.

तेव्हा घरात हा विषय निघाला तर मुलाला हसून उडवून लावू नका आणि लगेच तिजोरीही उघडू नका. त्याला एक खेळ निवडायला सांगा. त्या खेळाचा सर्व्हर लिनक्सवर चालतो का हे निर्मात्याच्याच कागदपत्रांत पाहायला सांगा. मग एक लहान यंत्र महिन्याच्या बोलीने घेऊन त्यावर आठ-दहा मित्रांना महिनाभर फुकट खेळू द्या. त्या महिन्यात खेळाच्या नोंदीची प्रत रोज दुसऱ्या ठिकाणी ठेवायला लावा आणि एकदा मुद्दाम सर्व काही पुसून ती परत उभी करायला लावा. हे जमले तर मुलगा धंद्याला तयार आहे असे समजा. नाही जमले तर एका महिन्याच्या भाड्यात शहाणपण मिळाले म्हणायचे.