खुराड्याला रेनकोट

मे महिन्यातला वीकेण्ड म्हणजे एसी मल्टिप्लेक्स, कोल्ड कॉफी आणि सेल. माझे मागचे दोन वीकेण्ड मात्र चिपळूणजवळच्या घरी, लाकडी पट्ट्या घासण्यात गेले. कशासाठी? तर आईच्या कोंबड्यांसाठी. हसू नका, प्लीज!

गेल्या पावसाळ्यात डालग्याखाली झाकलेली तिची सहा पिल्लं ओल लागून गेली. आई काही बोलली नाही, पण नंतर कित्येक दिवस तिने खुडूक कोंबडी बसवलीच नाही. म्हणून दिवाळीत मी आणि दादाने उरलेल्या प्लायचं खुराडं बनवलं. दिसायला एकदम क्यूट. पण कोकणातल्या पावसाला क्यूटनेस कळत नाही. तो वरून कमी आणि आडवा जास्त येतो.

खरी गोम असते प्लायच्या कडेत. वरचा पृष्ठभाग थोडाफार तग धरतो, कापलेली कड मात्र चहातल्या बिस्किटासारखी पाणी पिते. मग थर सुटतात, कोपरे फुगतात. अगदी मरीन प्लाय असला तरी कापलेली कड सील करावी लागतेच. म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर उभ्या पट्ट्या मारायच्या. त्यांना आधीच चारही बाजूंनी प्रायमर लावायचा, मागच्या बाजूलासुद्धा. भिंतीवर बसल्यावर तिथे ब्रश पोचत नाही! स्क्रू गॅल्व्हनाइज्ड. दारावरच्या आडव्या पट्टीला बाहेरच्या बाजूने उतार हवा, म्हणजे पाणी साचत नाही. सीलंट वर आणि बाजूंना भरायचं. खालची कड मोकळी ठेवायची, चुकून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. पत्रा भिंतीच्या फूटभर पुढे आणि खाली पाय, म्हणजे पागोळ्यांचं पाणी तळाला भिजवत नाही.

एवढं झाल्यावर दादा उत्साहात म्हणाला, ‘‘वरची फटपण बुजवून टाकू.’’ आई लगेच ओरडली, ‘‘अरे, गुदमरतील ना त्या!’’

पॉइंट आहे. विष्ठेतून अमोनिया सुटतो, आणि हवा कोंडली की तो डोळ्यांना आणि श्वासाला त्रास देतो. भाताचं तूस ओलं राहिलं तर रक्ती हगवणीची भीती, आणि तिला आधी बळी पडतात ती पिल्लं. म्हणजे पाणी अडवायचं, हवा नाही. छपराखालची फट उघडीच ठेवली. तिला बारीक जाळी ठोकली, मुंगूस येऊ नये म्हणून.

हवामान खात्याच्या २०२० पासूनच्या कॅलेंडरनुसार मुंबईत मॉन्सूनची नॉर्मल तारीख ११ जून. आमच्याकडे तो थोडा आधीच पोचतो. तुमचं गावी खुराडं असेल, नाहीतर गच्चीत कुत्र्याचं घर, तर एक टेस्ट करा. होज पाइप आडवा धरून पाच मिनिटं पाणी मारा आणि आत हात फिरवून बघा. ओल कुठून येते ते लगेच कळेल.

आमची टेस्ट रविवारी झाली. आतलं तूस कोरडं होतं. संध्याकाळी आईने खुडूक कोंबडीखाली अकरा अंडी ठेवली.