कृश पालीची शुश्रूषा

अमेरिका, इंग्लंड, जर्मनी आदी देशांतील घरांतून काचेच्या पेटीत पाळली जाणारी लेपर्ड गेको ही ठिपकेदार पाल जेव्हा वाळू लागते, तिच्या शेपटीतील मेदाचा साठा आटून कंबरेची हाडे कातडीखाली दिसू लागतात, तेव्हा तिच्यावर माया करणाऱ्या माणसाचा हात प्रथम खाद्याच्या डब्याकडे जातो. ही माया खरी असली, तरी कृशता म्हणजे केवळ उपासमार हे गृहीत चुकीचे आहे, आणि त्यापायी वाचण्याजोगा जीवही हातचा जाऊ शकतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ साली जिचे शास्त्रीय वर्णन केले, ती ही पाल मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान व वायव्य भारतातील रुक्ष, खडकाळ मुलखाची. दिवसभर तापलेल्या दगडांची ऊब पोटाने शोषून घ्यावी आणि तिच्या बळावर खाल्लेले किडे पचवावेत, असा तिचा जीवनक्रम. देहाचे तापमान स्वतः राखण्याची शक्ती तिच्यात नसल्यामुळे, पेटीतील उबदार कोपऱ्याचा पृष्ठभाग सुमारे ३२ अंश सेल्सियसपर्यंत तापलेला नसेल तर गिळलेले अन्न जठरात तसेच पडून राहते आणि पुष्कळदा उलटून बाहेर येते. म्हणून पहिली तजवीज तापमापकाची असावी. पेटीच्या दुसऱ्या टोकाला गारवा आणि कात टाकण्यासाठी ओलसर आडोसा आहे की नाही, हेही त्याच वेळी पाहावे.

यानंतर कारणाचा शोध. एकाच पेटीत दोन पाली ठेवल्या असतील तर तो बहुधा तेथेच संपतो. सोबतीची ओढ माणसाला असते; येथे बलिष्ठ पाल उबदार जागा व भक्ष्य दोन्ही बळकावते आणि दुबळी, उघड भांडण न दिसताही, झिजत जाते. विणीच्या हंगामात नर काही काळ अन्न वर्ज्य करतो. वजन स्थिर असेल तर त्याची चिंता नको. परंतु शेपूट झपाट्याने बारीक होत असेल आणि विष्ठा पातळ असेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडून विष्ठेची तपासणी करून घेण्यात हयगय होता कामा नये. क्रिप्टोस्पोरिडियम हा आतड्यातील परजीवी अशाच लक्षणांनी प्रकट होतो. त्यावर खात्रीचा इलाज आजही नाही, नेहमीच्या जंतुनाशकांना तो दाद देत नाही, आणि विष्ठेतून तो सदैव बाहेर पडतोच असे नसल्यामुळे एकाच तपासणीचा निर्वाळा पुरेसा मानता येत नाही.

अन्नाची पाळी त्यानंतर येते, आणि तेथेही घाई घातक ठरते. आधी शरीरातील पाण्याची तूट भरून काढावी. मग रातकिडे, ड्युबिया झुरळे किंवा मीलवर्म, तिच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठे नाहीत असे पाहून, थोडे थोडे द्यावेत. हे किडे आदल्या दिवशी भाजीपाला खाऊन पुष्ट झालेले असावेत, आणि त्यांच्यात कॅल्शियम अल्प असल्यामुळे त्यांना त्याची भुकटी लावावी. वॅक्सवर्म नावाची मेदयुक्त अळी वजन लवकर चढवते म्हणून तिची शिफारस होते. मला ती मान्य नाही. तिची चटक लागलेली पाल अन्य भक्ष्य नाकारू लागते, आणि दीर्घ उपवासाने शिणलेल्या यकृतावर मेदाचा नवा भार पडतो. उरलेले रातकिडे रात्रभर पेटीत ठेवू नयेत. ते दुबळ्या पालीलाच चावतात.

प्रौढ पालीचे वजन साधारणतः ५० ते ८० ग्रॅम, त्यामुळे चारपाच ग्रॅमांची घटही डोळ्यांना दिसण्याआधी काट्यावर कळते. दर आठवड्याला वजन करून त्याची नोंदवही ठेवावी. आणि ही नोंद विक्रीच्या दिवसापासूनच सुरू व्हावी. १५ ते २० वर्षे जगू शकणारा प्राणी विकणाऱ्या दुकानदाराने त्या दिवसाचे वजन व विष्ठा-तपासणीचा निकाल पावतीवर लिहून देणे त्या त्या सरकारांनी बंधनकारक करावे. तसा कायदा होईपर्यंत खरेदीदारांनी, परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मुलानातवंडांनीही, हा दाखला दुकानात मागावा, आणि तो न मिळाल्यास रिकाम्या हाताने परतावे.